डिस्कस आणि रॅम : पाळायचे झाडांच्या टाकीत, पिल्लं काढायची वेगळ्या टाकीत

डिस्कस म्हणजे तज्ज्ञांचा मासा, असं प्रत्येक नवशिक्याला कुणी ना कुणी सांगतंच. मला ते पटत नाही. नीट मुरलेल्या टाकीत चांगल्या ठिकाणाहून आणलेला डिस्कस सहज दहा वर्षं जगतो. तो मरतो तो बहुतेक वेळा अर्धवट तयार झालेल्या पाण्यामुळे आणि घाईच्या खरेदीमुळे. रॅमचंही तसंच. दुकानात निळ्या ठिपक्यांनी चमकणारा रॅम घरी आणल्यावर पंधरा दिवसांत जातो, आणि दोष ‘नाजूक जाती’वर ढकलला जातो.

या दोन माशांची जोडी जमते ती गरम पाण्यामुळे. डिस्कस अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला. हेकेलने 1840 साली त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं, ते रिओ निग्रोच्या काळपट, आम्लधर्मी पाण्यातल्या माशावरून. रॅम हा व्हेनेझुएला आणि कोलंबियामधल्या ओरिनोको नदीच्या गवताळ सखल प्रदेशातला, त्याची शास्त्रीय नोंद 1948 ची. दोघांनाही 28 ते 30 अंश सेल्सिअस तापमान, मऊ आणि किंचित आम्लधर्मी पाणी मानवतं. डिस्कस मधल्या थरात संथ फिरतो, रॅम तळाशी वाळू चाळत बसतो, त्यामुळे जागेवरून भांडणं फारशी होत नाहीत. बोलिव्हियन रॅम मात्र वेगळी जात आहे. तिला 22 ते 26 अंशांचं पाणी लागतं, म्हणून ती डिस्कसबरोबर ठेवू नका.

एक गोष्ट आधीच ठरवून टाका. झाडांची टाकी ही या माशांनी राहण्याची आणि आपण बघण्याची जागा आहे. पिल्लं वाढवायची असतील तर त्यासाठी दुसरी, साधी, उघड्या तळाची (तळाला वाळू न घातलेली) टाकी लागते. दोन्ही कामं एकाच टाकीत करायला गेलं की दोन्ही अर्धवट राहतात.

टाकी आणि तिची जागा

सहा डिस्कससाठी चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच ही सर्वांत लहान टाकी धरा. त्यात साधारण 250 लिटर पाणी बसतं. वाळू, दगड, काच आणि स्टँड धरून वजन 300 किलोच्या वर जातं, म्हणून ती भिंतीलगत, शक्यतो तुळईवर येईल अशी ठेवा. फ्लॅटच्या बाल्कनीत नको. खिडकीतलं थेट ऊनही नको, शेवाळ आवरता आवरत नाही.

फिल्टरसाठी कॅनिस्टर (टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर) उत्तम, आणि त्याच्या जोडीला हवेच्या पंपावर चालणारा एक स्पंज फिल्टर असू द्या. कारण साधं आहे. 25 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 8.2 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, 30 अंशांना तो 7.5 वर येतो. गरम पाण्यात माशाला प्राणवायू जास्त लागतो आणि नेमका तेव्हाच तो कमी मिळतो. वीज गेली की हा प्रश्न तासाभरात जिवावर येतो, म्हणून हवेचा पंप इन्व्हर्टरवर घ्या किंवा बॅटरीवर चालणारा पंप घरात ठेवा.

हीटर एक मोठा घेण्याऐवजी 150 वॅटचे दोन घ्या. एक बंद पडला तर दुसरा पाणी एकदम गार होऊ देत नाही, आणि एखादा चालूच राहून अडकला तरी एकटा 150 वॅटचा हीटर अडीचशे लिटर पाणी पटकन उकळवू शकत नाही. हीटरवरच्या आकड्यावर विसंबू नका, वेगळा थर्मामीटर लावा. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात प्रश्न उलटा होतो. पाणी 32 अंशांच्या वर जाऊ लागलं की पृष्ठभागावर वारा पडेल असा छोटा पंखा लावा. बाष्पीभवनाने तापमान दोन-तीन अंश उतरतं. कोकणात आणि मुंबईत हवा आधीच दमट, तिथे याचा उपयोग कमी होतो. उडून गेलेलं पाणी आरओच्या पाण्यानेच भरा, कारण वाफ होताना क्षार मागे टाकीतच राहतात.

पाणी : इथे वेळ घाला

तुमच्या नळाला काय येतं, ते टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजणाऱ्या मीटरने आणि पीएच (आम्लता) किटने आधी तपासा. मुंबईला येणारं धरणाचं पाणी बऱ्यापैकी मऊ असतं. कोकणातल्या जांभ्यातल्या विहिरींचं पाणी बहुधा मऊ आणि किंचित आम्लधर्मी असतं, डिस्कसवाल्याच्या दृष्टीने ते भाग्यच. देशावरच्या काळ्या बेसाल्टातल्या बोअरवेलचं पाणी मात्र बहुतेक ठिकाणी जड असतं.

नुसतं पाळायचं असेल तर टीडीएस 100 ते 250 आणि पीएच 6 ते 7 ठीक. पाळीव डिस्कस पीएच 7.3 पर्यंतही व्यवस्थित राहतो, फक्त तो रोज वर-खाली होता कामा नये. पीएच उतरवण्यासाठी आम्लाच्या बाटल्या ओतू नका. जड पाणी असेल तर त्यात आरओचं पाणी मिसळा. पण शंभर टक्के आरओचं पाणीही नको, कारण त्यात आम्ल झेलणारे क्षार नसतात आणि पीएच एका रात्रीत कोसळू शकतो. पीएच 6 च्या खाली गेला की टाकी स्वच्छ ठेवणारे जिवाणूही मंदावतात.

आपल्याकडे रस्तोरस्ती दिसणाऱ्या देशी बदामाची गळून पडलेली, तपकिरी, वाळलेली पानं धुऊन टाकीत टाकली तर पाण्याला चहाचा रंग येतो आणि टॅनिन हे पानांतलं तुरट, सौम्य आम्लधर्मी द्रव्य उतरतं. फवारणी झालेल्या किंवा रहदारीच्या रस्त्यावरच्या झाडाची पानं घेऊ नका. मऊ पाण्यात ही पानं चांगलं काम करतात, जड पाण्याचा पीएच त्यांनी फारसा हलत नाही.

आता टाकी मुरवणं. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. जिवाणूंचा एक गट त्याचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट करतो. हे जिवाणू स्पंजमध्ये आणि वाळूत वसायला चार ते सहा आठवडे लागतात. डिस्कसच्या टाकीत ही पायरी गाळून चालतच नाही, कारण पाणी जितकं गरम आणि पीएच जितका जास्त, तितका अमोनियाचा विषारी भाग मोठा. ओळखीच्या कुणाच्या निरोगी टाकीतला वापरलेला स्पंज मिळाला तर वेळ निम्म्यावर येतो. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट दिसू लागलं, असं सलग आठवडाभर किटवर आलं की टाकी माशांसाठी तयार. डिस्कससाठी तयार म्हणाल तर आणखी महिनाभर थांबा. रॅमसाठीही तेच, नव्या टाकीत तो हमखास जातो. या काळात झाडं लावा, ती रुजू द्या आणि कार्डिनल टेट्रा हे छोटे मासे सोडा.

गरम पाण्यात टिकणारी झाडं

29 अंशांना सगळी झाडं तग धरत नाहीत. अ‍ॅमेझॉन सोर्ड, अ‍ॅन्युबियास, व्हॅलिस्नेरिया आणि बहुतेक क्रिप्टोकोरिन चांगली चालतात. एवढ्यावर टाकी सुंदर दिसते. पुढे लॉनसारखी बुटकी झाडं लावायचा मोह आवरा. त्यांना तीव्र प्रकाश आणि कार्बन डायऑक्साइड लागतो, आणि डिस्कसला प्रखर प्रकाश आवडत नाही, तो कोपऱ्यात दडतो आणि गडद पडतो. गॅस न सोडता, मध्यम प्रकाश दिवसाला सात-आठ तास आणि सोर्डच्या मुळाशी खताच्या गोळ्या, नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी एवढंच सुचवेन. वर थोडी तरंगती झाडं असली की प्रकाश मंद होतो आणि नायट्रेटही शोषलं जातं.

तळाला बारीक वाळू हवी. रॅम तोंडात वाळू घेतो, चावल्यासारखी करतो आणि कल्ल्यांतून बाहेर सोडतो. जाड, टोकदार खडीवर त्याला हे करताच येत नाही. समुद्रकिनाऱ्याची वाळू आणू नका, तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो आणि तो पाणी जड करत राहतो. कुठल्याही वाळूवर किंवा दगडावर लिंबाचा रस पिळून बघा. फेस आला तर ती टाकीत नको. संगमरवराचे पांढरे खडे याच कारणाने बाद.

डिस्कसला पोहायला मोकळी जागा ठेवा. झाडं मागे आणि दोन्ही बगलांना, मध्ये पोहायला मोकळं पाणी, आणि पुढच्या बाजूला उघड्या वाळूचा पट्टा. खाद्य तिथेच टाकायचं म्हणजे उरलेलं दिसतं आणि नळीने ओढून घेता येतं.

मासे निवडताना

डिस्कस कळपाने राहणारा मासा आहे. दोन-तीन ठेवले तर त्यातला दांडगा मासा दुबळ्याला खाऊ देत नाही. एकदम सहा घ्या, आणि झाडांच्या टाकीसाठी चार इंच किंवा मोठे घ्या. दीड-दोन इंचाची पिल्लं स्वस्त मिळतात, पण त्यांना दिवसाला चार-पाच वेळा खाऊ घालून जवळजवळ रोज पाणी बदलावं लागतं. ते उघड्या तळाच्या टाकीतच जमतं. झाडांच्या टाकीत ती खुंटतात.

दुकानात किमान अर्धा तास उभे राहा. अंगाचा आकार गोल हवा. शरीराच्या मानाने डोळा मोठा दिसत असेल तर मासा खुंटलेला आहे, तो पुढे वाढणार नाही. डोक्यावरचा भाग आत गेलेला, रंग काळवंडलेला, एकच कल्ला हलतोय, विष्ठा पांढरी दोऱ्यासारखी, यातलं एक जरी दिसलं तरी त्या टाकीतला कुठलाच मासा घेऊ नका. शेवटी दुकानदाराला खाद्य टाकायला सांगा. निरोगी डिस्कस ताबडतोब वर येऊन खातो.

रॅममध्ये नर ओळखायला त्याच्या पाठीच्या पंखाचे पुढचे काटे लांब असतात. मादी थोडी लहान, तिचं पोट गुलाबी आणि अंगावरच्या काळ्या ठिपक्यात निळे चमचमते खवले दिसतात. भडक रंगाचे, सगळेच नर दिसणारे रॅम टाळा. रंग चढवण्यासाठी संप्रेरकं दिलेले मासे बाजारात येतात आणि त्यांच्यापासून पिल्लं मिळत नाहीत. फुगीर अंगाच्या बलून रॅमपेक्षा साधा जर्मन ब्ल्यू रॅम घ्या, पोहण्यातही आणि जगण्यातही तो सरस. रॅमचं आयुष्य मुळात दोन-तीन वर्षांचंच असतं, ते लक्षात ठेवा.

सोबतीला कार्डिनल टेट्रा, रमीनोज टेट्रा आणि स्टर्बाई कोरिडोरास. निऑन टेट्रा दिसायला कार्डिनलसारखा असला तरी त्याला थंड पाणी लागतं. एंजल फिश नको, तो स्वतः निरोगी दिसत असूनही डिस्कसला घातक परजीवी घेऊन येऊ शकतो. साधा प्लेको रात्री डिस्कसच्या अंगावरचा चिकट थर चोखतो, तोही नको.

नवीन आलेला प्रत्येक मासा चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा. हा एकच नियम पाळलात तर औषधांचं अर्धं कपाट लागणार नाही.

रोजची देखभाल

मोठ्या डिस्कसला दिवसातून दोन-तीनदा खाद्य पुरतं. चांगल्या प्रतीच्या गोळ्या, गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या) आणि घरी केलेलं मिश्रण असं आलटून पालटून द्या. मिश्रणासाठी बकऱ्याचं किंवा कोंबडीचं हृदय चरबी आणि शिरा काढून, त्यात सोललेली कोळंबी, वाफवलेला पालक आणि लसूण घालून वाटा, पिशवीत पातळ थापून गोठवा आणि लागेल तसा तुकडा तोडा. जिवंत ट्युबिफेक्स (बारीक लाल किडे) गटारात वाढतात, ते टाळलेलेच बरे. पंधरा मिनिटांत जे संपत नाही ते काढून टाका.

आठवड्यातून दोनदा 30 ते 40 टक्के पाणी बदला. नळाचं पाणी ड्रममध्ये भरून, क्लोरीन काढणारं द्रव्य टाकून, रात्रभर हवा सोडून ठेवा आणि टाकीच्या तापमानावर आणूनच ओता. पुणे-नाशिकच्या थंडीत ही शेवटची गोष्ट विसरली जाते. नायट्रेट 20 पीपीएमच्या (लिटरमागे 20 मिलिग्रॅमच्या) खाली राहील असं बघा. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवू नका, क्लोरीनने जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यात तो पिळून घ्या.

डिस्कस खाणं सोडून काळा पडला आणि पांढरी, दोऱ्यासारखी विष्ठा टाकू लागला तर आतड्यातल्या परजीवींचा संशय घ्या. त्याला वेगळ्या टाकीत हलवा, तापमान हळूहळू 31-32 पर्यंत न्या आणि माशांचं कळणाऱ्या पशुवैद्याला विचारून मेट्रोनिडॅझोल द्या. औषध थेट झाडांच्या टाकीत ओतायचं नाही.

रॅमची पिल्लं

सुरुवात रॅमपासून करा. सहा-सात रॅम एकत्र वाढले की त्यांच्यात जोडी आपोआप जमते. ती जोडी दीड-दोन फुटांच्या टाकीत, स्पंज फिल्टर आणि तळहाताएवढा एक सपाट दगड ठेवून हलवा. पाणी मऊ, पीएच 6 ते 6.5, तापमान 28-29. दोघं दगड तोंडाने खरवडू लागले आणि मादीच्या पोटाखाली अंडी घालायची छोटी नळी दिसू लागली की त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी अंडी येतात, साधारण दीडशे ते तीनशे.

पहिली एक-दोन खेप जोडी खाऊन टाकते. चिडू नका, जोडी तोडू नका. पुन्हा पुन्हा तसंच झालं तर अंड्यांसकट दगड उचलून त्याच पाण्याच्या लहान टाकीत न्या. अंड्यांवर थेट बुडबुडे न पडता जवळून पाणी हलत राहील असा हवेचा दगड (पंपाच्या नळीला लावायचा, बुडबुडे सोडणारा सच्छिद्र खडा) लावा आणि बुरशी रोखायला मिथिलीन ब्ल्यूचे थोडे थेंब टाका. दोन-तीन दिवसांत अंडी फुटतात, आणखी चार-पाच दिवसांनी पिल्लं पोहू लागतात. पहिले दोन-तीन दिवस त्यांना इन्फ्युसोरिया, म्हणजे पाण्यातले सूक्ष्म जीव, खायला लागतो. वाळलेली केळीची साल टाकीच्या पाण्यात चार-पाच दिवस ठेवली, पाणी गढूळ होऊन पुन्हा निवळू लागलं की तो तयार असतो, म्हणून अंडी दिसली त्याच दिवशी बरणी लावा. नंतर ताजा फुटलेला आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या इवल्या कोळंबीसारख्या जीवाची पिल्लं; त्याची वाळलेली अंडी आणून घरी फोडायची. लिटरभर पाण्यात 25 ते 30 ग्रॅम बिनआयोडीनचं मीठ, जोराची हवा आणि 28 अंश, एवढ्यावर तो 24 ते 36 तासांत फुटतो. बाकीचं सगळं बाजूला ठेवून आर्टेमिया काढायला शिका, डिस्कसलाही पुढे तोच लागणार आहे.

डिस्कसची जोडी आणि पिल्लं

डिस्कसमध्ये नर-मादी दिसण्यावरून खात्रीने ओळखता येत नाहीत. अंडी घालताना कळतं. नराची नळी बारीक, टोकदार आणि मादीची जाड, बोथट. सहा मासे एकत्र वाढवा. बारा ते अठरा महिन्यांत त्यातले दोन एखाद्या सोर्डच्या पानाजवळ बाकीच्यांना फिरकू देत नाहीत, एकमेकांसमोर वाकतात, अंग थरथरवतात आणि पान स्वच्छ करू लागतात. तीच तुमची जोडी. कधी दोन माद्याही अशीच जोडी बनवतात. अंडी येतात, पण सगळी दुसऱ्या दिवशी पांढरी पडतात. दोन-तीन खेपा तसंच झालं तर आधी जोडीवर आणि मग पाण्यावर संशय घ्या.

जोडीसाठी दोन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, उघड्या तळाची टाकी पुरते. मागे आणि बाजूंना कागद लावा, आत मातीची उभट कुंडी उलटी ठेवा. पिल्लांसाठी पाण्याची अट कडक होते. टीडीएस 100 च्या आसपास, पीएच 6 ते 6.5. जड पाण्यात अंडी फळत नाहीत. मादी बहुतेकदा संध्याकाळी कुंडीवर खालून वर एकेक ओळ लावत जाते आणि नर तिच्यामागून फिरतो. रात्री मंद दिवा ठेवा, म्हणजे जोडी अंड्यांजवळ थांबते. फळलेली अंडी मधाच्या रंगाची, पारदर्शक राहतात आणि दीड दिवसाने त्यांत काळे ठिपके दिसू लागतात. जोडी अंडी खात असेल तर कुंडीभोवती मोठ्या भोकांची जाळी लावा. दोन ते अडीच दिवसांत अंडी फुटतात, पिल्लं शेपटी हलवत कुंडीलाच चिकटलेली राहतात आणि पुढच्या तीन-चार दिवसांत सुटी होतात.

इथून पुढचं बघायलाच माणसं डिस्कस पाळतात. सुटी झालेली पिल्लं आई-बापाच्या अंगावर जाऊन चिकटतात आणि त्यांच्या त्वचेवरचा चिकट स्राव टोचून खातात. ब्राझीलमधल्या माशांवरचं एक संशोधन 2010 मध्ये प्रसिद्ध झालं. पिल्लं असताना या स्रावातल्या प्रथिनांचं आणि प्रतिपिंडांचं प्रमाण बदलतं, असं त्यात दिसलं. एक पालक थकला की अंगाला झटका देतो, पिल्लांचा पुंजका सुटतो आणि समोर येऊन उभ्या राहिलेल्या दुसऱ्या पालकाच्या अंगावर जातो. काच हातभर अंतरावर असली तर प्रत्येक पिल्लू टोचताना दिसतं.

अडचणी याच टप्प्यावर येतात. पिल्लं गडद वस्तूकडे ओढली जातात, आणि पालक त्या दिवसांत म्हणूनच गडद होतात. टाकीतला काळा स्पंज, हीटर किंवा नळी त्यांना पालक वाटते, तिथे चिकटतात आणि उपाशी मरतात. काळा स्पंज काढून फिक्या रंगाचा लावा, कुंडी बाहेर घ्या, पाण्याची पातळी निम्म्यावर आणा आणि हवा अगदी मंद करा. पिजन ब्लड जातीचे मासे गडद होत नाहीत, त्यांची पिल्लं पालकांना शोधण्यात चुकतात. म्हणून पहिल्या जोडीत निदान एक मासा टर्कॉइज किंवा दुसऱ्या गडद होणाऱ्या जातीचा असू द्या.

सुटी झाल्यापासून पाचव्या-सहाव्या दिवशी आर्टेमिया सुरू करा, दिवसातून चार-पाच वेळा थोडा थोडा, आणि तळ रोज साफ करा. दोन ते तीन आठवड्यांनी पालक पिल्लांना टाळू लागतात, त्यांच्या अंगावर ओरखडे दिसू लागतात. तेव्हा पिल्लं वेगळी करा. नवीन टाकीचं पाणी जुन्या टाकीतूनच घ्या, आणि टीडीएस पुढच्या दोन आठवड्यांत हळूहळू वाढवत साध्या पाण्यावर आणा. जोडीला पुन्हा अंड्यावर येण्याआधी महिनाभर मोठ्या टाकीत विश्रांती द्या. वाकड्या कल्ल्यांची आणि लांबट अंगाची पिल्लं महिन्याभरात ओळखू येतात, ती पुढच्या जोड्यांसाठी राखू नका. बाकीची दोन इंचाची झाली की द्यायला हरकत नाही. घेणाऱ्याला टीडीएस, पीएच, तापमान आणि ती काय खातात हे चार ओळींत लिहून द्या, म्हणजे तुमच्या टाकीत वाढलेलं पिल्लू त्याच्या टाकीत पहिल्याच दिवशी खायला येईल.